लाथ मारणाऱ्या अक्षराचं हँडल

सुदुंबऱ्याच्या जत्रेत वाहिद पिंजाऱ्याच्या कपाळावर लोखंडाचा जो तडाखा बसला, तो त्याच्या आयुष्यातला सर्वात आनंदाचा क्षण होता. त्याला हे जरा उशिरा कळलं, कारण मधल्या वेळात तो बेशुद्ध होता.

वाहिदचं लोणावळ्याच्या बाजारात गाद्यांचं दुकान. तुंगार्लीच्या बंगलेवाल्यांच्या गाद्या उसवायच्या, कापूस पिंजायचा, पुन्हा भरून द्यायच्या. धंदा मऊ, पण छंद कडक. ग्यालन जाऊन लिटर आले तेव्हा हमरस्त्यावरचा हातानं फिरवायचा जुना पेट्रोलपंप मालकानं भंगारात काढला. वाहिदनं तो बैलगाडीत आडवा घालून घरी आणला आणि खुराड्याशेजारी उभा केला. माणसाहून उंच लोखंडी खांब, डोक्यावर काचेचं पिंप. हँडल फिरवलं की खालच्या टाकीतलं पेट्रोल काचेत चढायचं, गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसायचं आणि मग नळीतून गाडीत उतरायचं. आता त्यात पेट्रोल कधीच येणार नव्हतं. हे वाहिदच्या बायकोनं, नजमानं, त्याला वारंवार समजावलं होतं.

"अहो, पाणीच चढवायचं तर विहिरीला रहाट आहे की."

"रहाटाला काच आहे का?"

नजमा कोंबड्यांना दाणे टाकायला वळली.

खांबाला वाहिदनं खरवडून खरवडून मूळचा लाल रंग शोधून काढला, काचेच्या बुडाची चामड्याची चकती मुंबईहून मागवली. सगळं जमलं, फक्त हँडल नव्हतं; ते बसायचा चौकोनी दांडा मोकळाच होता. मोटार सुरू करायचं हँडल त्यानं लावून पाहिलं, रसाच्या चरकाचं पाहिलं, कडबा कापायच्या यंत्राचं पाहिलं. थोडी कानस मारली असती तर कुठलंही बसलं असतं. वाहिद कानस मारायला तयार नव्हता. "टोपी बसत नाही म्हणून डोकं कानसायचं का?" असं तो विचारायचा. ज्यांना विचारायचा ते त्याच्या डोक्याकडे बघायचे.

शेवटी तो कार्ल्याला धोंडिबा आबांकडे गेला. आबांनी हाच पंप तरुणपणापासून तो बंद पडेपर्यंत फिरवलेला.

"त्याचं हँडल म्हंजी बिडाचं, लेका," आबा म्हणाले. "काळं कुळकुळीत. कोपरातून वाकल्यालं. टोकाला भोक, आन भोकाशेजारी एक विंग्रजी अक्षर, उठावाचं."

"कुठलं अक्षर?"

"मला काय ठावं? पन उभा मानूस उजवीकडं लाथ मारतोय, असं दिसायचं."

वाहिदनं घरी येऊन इंग्रजीची सगळी अक्षरं मांडली आणि त्यांत लाथ मारणारं शोधलं. आधी संशय 'आर'वर गेला. पण आर नुसता पाय पुढे टाकतो. 'के' मात्र हात वर करून स्वच्छ लाथ मारतो. अक्षर ठरलं. हँडल ठरायचं बाकी होतं.

सुदुंबऱ्याच्या जत्रेत एका रसवाल्याकडे वेगळ्याच घाटाचं हँडल आहे असं कानावर आलं, म्हणून तो तिथे गेला. ते हँडल लाकडी निघालं. निराश होऊन तो कुस्त्यांच्या फडाजवळ उभा राहिला, आणि तेवढ्यात एका पैलवानाची पाठ मातीला लागली. किंवा लागली नाही. अर्ध्या गावाला लागलेली दिसली, अर्ध्याला दिसली नाही, आणि दोन्ही अर्धी एकमेकांवर धावून गेली. पंचाच्या डोक्यात नारळ बसला. कुणाचा तरी दात वाहिदच्या खिशात येऊन पडला. दात कुणाचा म्हणून तो वर बघतोय तोच समोरून काहीतरी काळं आलं, आणि पुढचं सगळं काळं झालं.

शुद्ध आली तेव्हा तो तळेगावच्या दवाखान्यात होता आणि दत्तोबा कंपाउंडर सुईत दोरा ओवत होता.

"कपाळावर ठसा उठलाय तुमच्या," दत्तोबा म्हणाला. "अक्षरासारखा. पण कळत नाही कुठलं ते."

वाहिद उठून बसला. "आरसा द्या."

आरशात रक्त होतं, सूज होती, आणि बरोबर मधोमध एक उभा माणूस उजवीकडे लाथ मारत होता. वाहिद रडायला लागला. दत्तोबाला वाटलं, दुखतंय.

"टाका अक्षरावर नका घालू."

"अहो, जखम तिथंच आहे!"

"मग आधी माप घ्या."

दवाखान्यात फूटपट्टी नव्हती. दत्तोबानं थर्मामीटर आडवा धरून माप घेतलं, मग टाके घातले आणि म्हणाला, "मारामारीची केस आहे. पोलिसांत कळवावं लागेल."

"अजिबात नको! फौजदार हँडल जप्त करील. खटला निकाली निघेपर्यंत मी मरेन."

"आणि मारणाऱ्याचं काय?"

"त्याचं काय? त्याला कशाला त्रास?"

कपाळाची पट्टी सुटायच्या आत वाहिद पुन्हा सुदुंबऱ्यात हजर झाला. पारावर बसलेल्यांना त्यानं रामराम केला आणि विचारलं, "जत्रेत मला कुणी मारलं?"

सगळे आभाळाकडे बघायला लागले.

"राग नाही माझा. जो सांगेल त्याला नवी गादी देईन. शुद्ध कापसाची."

हे ऐकल्यावर गावात त्याला मारणारी माणसं भराभर निघायला लागली. एक म्हातारा म्हणाला, आपण वहाणेनं मारलं. वाहिद म्हणाला, नको. एकानं काठी आणून दाखवली. तीही नको. एक दांडगा तरुण पुढे आला.

"मी लाथ घातलीती. कमरंत."

"लागली ती," वाहिदनं मान्य केलं. "पण ती नको."

"म्हंजी? आमच्या लाथंला काय किंमतच न्हाई व्हय?" असं म्हणून त्यानं तीच लाथ त्याच जागी पुन्हा घातली, नीट पारखून बघा म्हणून. वाहिद पाराखाली गेला.

त्याला उठवायला शालूबाई नावाची म्हातारी आली. उठवता उठवता तिनं कानात विचारलं, "गादी जाड आसंल का रं? गुडघं लय दुखत्यात."

"पाहिजे तेवढी जाड, मावशी."

"मंग लोखंडाचं म्हनशील तर आमच्या बाजीरावाकडं बघ. माझाच ल्योक. गोठ्याच्या दाराला आडवं घालतो, आन भांडन निघालं का काढून नेतो."

बाजीराव गोठ्यासमोर उभा होता. गोठा त्याच्या मागे असूनही दिसत नव्हता, इतका तो रुंद होता. मात्र त्याच्या काखेखालून दाराच्या कड्यांत घातलेलं काळं, कोपरातून वाकलेलं बीड दिसत होतं. वाहिद बघतच राहिला. लग्नात नजमाचा चेहरा पहिल्यांदा बघताना राहिला होता, तसाच. पण तेव्हा तो इतका घाबरलेला नव्हता.

"बाजीरावभाऊ, तुम्ही मला ज्यानं मारलंत, ते मला द्या."

"मी कुटं मारलं?"

"मारलंत हो. पुरावा आहे." वाहिदनं पट्टी वर करून कपाळ दाखवलं. "हे अक्षर त्याच्यावर आहे. फक्त जुळवून बघू."

इथे वाहिदची बोलण्यात चूक झाली. पुरावा हा शब्द ऐकून बाजीरावाच्या डोळ्यांसमोर हातकडी आली.

"फौजदारानं धाडलं व्हय रं तुला?" तो गरजला आणि हँडल कड्यांतून उपसून त्यानं वाहिदच्या खांद्यात हाणलं. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज गोठ्यातल्या बैलांनीही ऐकला. वाहिद कोसळला. पण कोसळताना हँडलचं टोक त्याच्या नाकासमोरून गेलं.

"चौकोनी!" तो शेणात पडल्या पडल्या हसत ओरडला. "भोक चौकोनी आहे! कानस लागणार नाही!"

बाजीरावानं आजवर पुष्कळ माणसांना मारलं होतं. कुणी पळालं होतं, कुणी रडलं होतं, एकानं उलट मारलंही होतं. पण हसलेलं कुणी त्यानं पाहिलं नव्हतं. तो भ्याला. हे लोखंड घरात ठेवण्यात अर्थ नाही, विहिरीत टाकून मोकळं व्हावं, असं मोठ्यानं बडबडत तो मळ्याकडे पळत सुटला.

विहीर म्हणताच वाहिदचा खांदा दुखायचा थांबला. तो मागे धावला. कांद्याच्या वाफ्यांतून, काटेरी कुंपणातून, कुणाच्या वाळत घातलेल्या लुगड्यातून दोघे विहिरीपाशी पोचले. बाजीरावानं हात उगारला आणि वाहिदनं चांगल्या हातानं हँडलचं दुसरं टोक पकडलं.

"सोड!"

"नाही!"

बाजीरावानं त्याला फरफटत विहिरीभोवती एक फेरा घातला. गुडघे सोलले. तोंडात माती गेली. बाजीरावानं त्याच्या मनगटावर पाय दिला आणि जोर केला. मनगट कडकन मोडलं, तरी बोटं सुटेनात. वाहिदनं समोर आलेली पोटरी दातांत धरली आणि ओरडला. तोंडात पोटरी असल्यामुळे काय ओरडला ते कळलं नाही. बाजीरावानं किंचाळून हँडल हिसकलं आणि वाहिदच्या टाळक्यावर उगारून दोन्ही हातांनी खाली आणलं.

वाहिदनं डोकं बाजूला घेतलं. हँडल बैलांच्या पाण्याच्या दगडी डोणीवर आदळलं.

बीड वाकत नाही, तुटतं. अर्धं बाजीरावाच्या हातात राहिलं, अर्धं डोणीतल्या पाण्यात पडलं.

बैलांना पाणी पाजायला आलेला एक जण बैल घेऊन परत गेला.

कपाळ फुटलं तेव्हा वाहिद आनंदानं रडला होता, खांदा मोडला तेव्हा हसला होता. आता तो उठला. मनगट मोडलेला उजवा हात लोंबत होता, खांदा मोडलेला डावा हात कोपरापुरताच हलत होता. तेवढ्याच हातानं त्यानं पाण्यातला तुकडा काढला, भुवई वर करून बाजीरावाकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडावर ठेवून दिला. बाजीरावाचे पुढचे दात गेले. मग वाहिदनं त्याला आणखी मारलं. बाजीरावानं हात वर केला नाही, कारण एवढा चिडलेला माणूस त्यानं कधी बघितला नव्हता.

"जुनं होतं ते!" वाहिद मारता मारता म्हणत होता. "कुठं मिळतं का असलं?"

दमल्यावर दोघे डोणीला टेकून बसले. बाजीरावानं तोंडातून रक्त थुंकलं.

"मंग आता तू बी मारलंस," तो फुसफुसत म्हणाला. दात नसल्यामुळे हवा जात होती. "तू फौजदाराकडं गेलास तर मी बी जानार."

"बरोबर."

"मंग कुनीच जायाचं न्हाई?"

"कुणीच नाही."

बाजीरावाला एकदम हलकं वाटलं. त्यानं हातातला तुकडा वाहिदसमोर धरला. "घे. पन आता काय करनार ह्येचं?"

"पितळेनं जोडतात तळेगावात. पण दोन्ही तुकडे गरम असताना कुणीतरी घट्ट दाबून धरावे लागतात." वाहिदनं आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं, मग बाजीरावाच्या पंज्यांकडे पाहिलं.

एसटीच्या कंडक्टरनं आधी दोघांना घ्यायला नकार दिला. बाजीराव त्याच्याकडे बघून नुसता हसला. नव्या फटीतून रक्त आलं. कंडक्टरनं तिकिटं फाडली.

जोड छान बसला. लाथ मारणारं अक्षर शाबूत राहिलं. वाहिदचे दोन्ही हात मात्र प्लास्टरमध्ये गेले, म्हणून पंपाला हँडल लावायला बाजीरावच लोणावळ्याला आला. कार्ल्याहून धोंडिबा आबा आले. नजमानं टाकीत पाणी ओतलं. हँडल चौकोनी दांड्यावर गपकन बसलं, कानस न मारता.

"फिरव," वाहिद म्हणाला. त्याच्या स्वतःच्या हातांना ते जमणार नव्हतं. त्यानं तोंड दुसरीकडे केलं, पण डोळे पंपावरच ठेवले.

बाजीरावानं हँडल फिरवलं. आत काहीतरी खाकरलं, खोकलं, आणि काचेच्या बुडाशी पाणी आलं. मग वीतभर चढलं. उन्हात ते हिरवट दिसत होतं.

"ह्योच," आबा डोळे मिटून म्हणाले. "ह्योच आवाज."

बाजीरावाला मजा वाटायला लागली. तो फिरवत राहिला. काच काठोकाठ भरली, तरी फिरवत राहिला. वरून धबधबा सुटला आणि आबा, नजमा, कोंबड्या, प्लास्टर, सगळं भिजलं.

"थांब, मुडद्या!" वाहिद ओरडला. हात चालत नव्हते, म्हणून त्यानं बाजीरावाच्या नडगीत लाथ घातली.

बाजीरावानं हँडल सोडलं आणि वाहिदला एका थोबाडीत कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत पोचवलं.

"त्येची काय चूक?" आबा टोपी पिळत म्हणाले. "जादा तेल माघारी न्यायाची वाकडी पितळी नळी आसती मागच्या अंगाला. ती कुटं हाय? ती लावल्याबिगर ह्ये आसंच व्हनार."

वाहिद खुराड्याला धरून उठला. ओठ फाटला होता. "वाकडी म्हणजे कशी?"

आबांनी हवेत बोट फिरवून दाखवलं. बाजीराव ते बघत राहिला, नडगी चोळत.

"तसली नळी माझ्या चुलत्याकडं हाय," तो म्हणाला. "म्हशीला औषिद पाजतो तिनं. पन देनार न्हाई."

"मारतो का तो?" नजमानं विचारलं.

"मी त्येच्याकडूनच शिकलो."

नजमानं नवऱ्याकडे पाहिलं. तो ओल्या प्लास्टरसकट घरात शिरत होता.

"कुठे निघालात?"

"माप घ्यायची टेप कुठे ठेवलीस?" आतून आवाज आला.