मेंढ्यांचं काय झालं

इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या म्हातारीचा धाकटा लेक तीन दिवस जेवला नव्हता. दवाखान्याचे कोट टाकायला येणारी एक नर्स त्याच्याकडे बघून दोनदा हसली आणि बदली होऊन दुसऱ्या गावी गेली. एवढ्यावर साहेब उद्ध्वस्त झाले होते. आज तर कविता वाचता वाचता त्याने डॉक्टरांच्या कोटावर इस्त्री तशीच ठेवली आणि पाठीला भोक पाडलं.

"सांग तरी, काय आहे एवढं त्या पुस्तकात," म्हातारी म्हणाली. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं.

त्याने सांगितलं. डोंगरावर एका मेंढपाळाला परी भेटली. त्या चेटकिणीने गाणं म्हटलं आणि तो भुलला. ती निघून गेली, तो तिथेच बसून झुरून झुरून मेला.

"आणि मेंढ्या?"

"मेंढ्यांचं काही लिहिलेलं नाही, आई."

"कशाला लिहितील? लांडग्याने खाल्ल्या असतील. परीने नुसतं गाणं म्हटलं रे, कळप यानेच सोडला. तरी चेटकीण कोण, तर ती." तिने जळका कोट घडी करून त्याच्या हातात दिला. "जा, डॉक्टरांना सांगून ये. त्या पोरीचं नाव मध्ये आणू नकोस."

त्याने कोट काखेत घेतला. मग हळूच म्हणाला, "जेवून जाऊ का?"