फ्रीजचा दुसरा उंचवटा

ऑफिसात तिला सगळे मास्तरीण म्हणत. वय जेमतेम तिशीचं, पण कोणाच्या टेबलावर नुसती वायर लोंबकळताना दिसली तरी हिच्या कपाळाला आठी पडायची. त्यामुळे क्लाउडवरचा पसारा आवरायचं काम साहेबांनी तिच्या गळ्यात घातलं, तेव्हा कोणालाच नवल वाटलं नाही. तिला तर मनातून उकळ्या फुटत होत्या.

कंपनीचं काम साधं होतं. दुकानांच्या फ्रीजमध्ये तापमान मोजणारी डबी बसवायची, तिचे आकडे क्लाउडवर, म्हणजे दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या संगणकांवर पोचवायचे, आणि फ्रीज बिघडला की दुकानदाराला कळवायचं. घोळ होता तो नावांचा. त्या संगणकांना ज्याने त्याने मनाला येईल ती नावं ठेवली होती: चाचणी, चाचणी-नवी, चाचणी-शेवटची, आणि एक नुसतंच हात-लावू-नका. मध्यंतरी एका दीडशहाण्याने चाचणी-नवी बिनकामाचं समजून बंद केलं, आणि एका आइस्क्रीमवाल्याच्या मालाचं पाणी झालं तरी कोणाला पत्ता नाही. मग साहेबांनी फर्मान काढलं की प्रत्येक गोष्टीवर दोन लेबलं हवीत, कोणाचं आणि कशासाठी. ज्यावर नसतील ते शुक्रवारी संध्याकाळी बंद.

लेबलं लावायला एक एआय एजंट होता. ऑफिसात त्याला कारकून म्हणत. त्याला साध्या भाषेत सांगायचं, की तो क्लाउडभर हिंडून लेबलं तयार करायचा, लावण्याआधी दाखवायचा आणि अडलं तिथे विचारायचा. मास्तरणीला तो फार आवडला, कारण तोही तिच्यासारखाच खोदून खोदून विचारी. शुक्रवारी दुपारपर्यंत सगळं मार्गी लागलं. उरलं ते फक्त हात-लावू-नका.

कारकुनाने कळवलं की याचा मालक सापडत नाही. कंपनी सुरू झाल्यापासून यावर एकाच फ्रीजचे आकडे येतात आणि तो कुठल्याच दुकानातला नाही. मात्र याचं पान रोज सकाळी स्वागतकक्षातल्या संगणकावरून उघडलं जातं. बंद करू का?

मास्तरणीने त्याला थांबवलं आणि आलेख उघडला. रेषेला रोज सकाळी एक लहानसा उंचवटा होता. फ्रीजचं दार उघडलं की पारा जरा चढतो, एवढं तिला कळत होतं. पण थोड्या वेळाने पुन्हा तसाच दुसरा उंचवटा, तोही रोज. हे काय गौडबंगाल आहे ते समजल्याशिवाय तिला चैन पडेना.

स्वागतकक्षात ताई बसायच्या, कंपनीतल्या सगळ्यांत जुन्या. आलेख बघताच त्यांचा चेहरा उतरला. फ्रीज त्यांच्या वडिलांच्या घरचा होता. कंपनी नवी असताना पहिली डबी चाचणीसाठी तिथे बसवली होती, ती काढायची राहून गेली. आई गेल्यापासून बाबा एकटेच असतात, लेकीकडे राहायला यायचं नाव काढत नाहीत. सकाळी फोन केला तर मी जिवंत आहे का बघतेस, म्हणून चिडतात. म्हणून ताई फोन करत नव्हत्या, उंचवटा बघत होत्या. चहासाठी दूध काढलं, म्हणजे बाबा उठले.

"आणि दुसरा?" मास्तरणीला राहवलं नाही.

"विसरत असतील काहीतरी," ताई म्हणाल्या. "वय झालं आता."

त्या दुसऱ्या उंचवट्याने त्यांच्या जिवाला घोर लावला होता, हे दिसतच होतं. मास्तरणीला त्यांची फार माया आली, पण नियम तो नियम. घर बाबांचं, फ्रीज बाबांचा, तेव्हा त्यांना विचारल्याशिवाय लेबल लावणार नाही, असं तिने सांगितलं. बाबांना कळलं तर डबी उपटून फेकतील, असं ताई परोपरीने सांगत राहिल्या. पण संध्याकाळ तर तोंडावर आली होती. शेवटी त्यांनी फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"बाबा, फ्रीजमधली ती डबी अजून चालू आहे. मी रोज बघते."

"ठाऊक आहे," पलीकडून आवाज आला. "येतेस तेव्हा भाजी ठेवायच्या निमित्ताने तिची बॅटरी बदलतेस. मी काय आंधळा आहे?"

मग ताईंनी विचारलं, सकाळी काय विसरता तुम्ही, दोनदा का उघडता दार?

"विसरतो कसला? एकदा दुधासाठी उघडतो. मग तू ऑफिसात पोचलीस की तुझ्यासाठी."

लेबलावर तुमचं नाव घालू का, हे मास्तरणीनेच विचारलं. बाबा घाला म्हणाले.

जागेवर येऊन तिने कारकुनाला लिहिलं. कोणाचं: बाबांचं. कशासाठी: खुशाली. एरवी शंभर शंका काढणाऱ्या कारकुनाने मुकाट्याने लेबल लावलं.

सोमवारी ताई आल्या त्या पर्स खांद्यावर तशीच ठेवून संगणकापुढे उभ्या राहिल्या. पहिला उंचवटा कधीचा येऊन गेला होता. दुसरा येईपर्यंत त्या खुर्चीत बसल्या नाहीत, आणि त्यांच्या मागे मास्तरीणही उभी होती.