नेपल्सच्या धक्क्यावर पार्सिपनी

एकोणीसशे बारा साली नेपल्सच्या धक्क्यावर पोपटी रंगाचे रनिंग शूज घालून कोणी उभं नव्हतं, हे इला सकाळपासून सातव्यांदा सांगत होती.

"प्रतापकाका, प्लीज, शूज!"

"अगं, टाच दुखते माझी. त्या काळी इटलीत कोणाची दुखत नसेल का?"

केमिस्ट्रीची डिग्री घेऊन इला सिनेमात शिरली होती. एक इटालियन कुटुंब गाव सोडून अमेरिकेला निघतं, अशी या सिनेमाची गोष्ट होती. नेपल्स म्हणून न्यू जर्सीतलं एक तळं निवडलं होतं. इलाच्या ताब्यात सामानाचं टेबल होतं. त्यावर टोपल्या, कंदील, गाठोडी आणि मधोमध रिकोटा चीजचा पांढराशुभ्र गोळा. पुढच्या सीनमध्ये जहाजावर तो अख्खा दिसायला हवा होता. दिग्दर्शिका जीना पुढच्या आठवड्यात खऱ्या इटलीला निघणार होती, आणि इला धरून दोन मदतनिसांपैकी एकालाच नेणार होती.

नेमकी आज एक्स्ट्रांची बस वाटेत बंद पडली. इलाने आईला फोन केला. आसावरीने जवळच्या पार्सिपनी गावातल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं आणि पन्नास मिनिटांत एकेचाळीस माणसं हजर झाली, चौदा डब्यांसकट.

अडचण एवढीच, की कोणाला रडताच येईना. काळ्या शाली गुंडाळलेल्या काकू एकमेकींकडे बघायच्या आणि फिसकन हसायच्या. प्रतापकाकांनी तर कॅमेऱ्याला हात केला. तीन टेक फुकट गेले. भाड्याची होडी चारला परत करायची होती आणि आता चारला वीस मिनिटं कमी होती.

"गोड माणसं आहेत तुझी," जीना म्हणाली, "पण हे लग्न वाटतंय. आणखी एकच टेक. नाहीतर सीन कट."

सीन कट म्हणजे इटलीही कट. इला एका खोक्यावर चढली.

"ऐका! आवाज रेकॉर्ड होत नाहीये. इटली विसरा. हा लुका तुमचा मुलगा आहे आणि आज त्याची फ्लाइट आहे. एअरपोर्टवर करता ते करा!"

मग सगळे त्या बिचाऱ्या नटावर तुटून पडले. एका काकूने त्याचं गाठोडं उचलून पाहिलं. "तेवीस किलोच्या वर आहे हे!" दुसरीने ते तिथेच सोडलं आणि पुन्हा बांधायला घेतलं. "पासपोर्ट कुठाय?" प्रतापकाका ओरडले. "वरच्या खिशात ठेव. परत एकदा बघ!" लुका खरोखरच खिसे चाचपू लागला.

आसावरीला काहीतरी आठवलं. ती टेबलाकडे धावली. पांढरं दिसलं ते एवढंच. तिने चार बोटं घातली.

"आई, नको!" इला किंचाळली.

उशीर झाला होता. रिकोटा लुकाच्या तळहातावर होता. "खा रे बाळा. निघताना दही खायचं असतं."

त्याला एक अक्षर कळलं नाही. त्याने मुकाट्याने तळहात चाटला, आणि का कोण जाणे, त्याचे डोळे भरून आले. आसावरी शालीने ते पुसायला गेली आणि तिलाच रडू फुटलं. सत्तावीस वर्षांपूर्वी नागपुरात तिच्या आईने असंच दही ठेवलं होतं. व्हिसाच्या कागदांच्या गडबडीत तिने ते निम्मंच खाल्लं होतं. इलाने ही गोष्ट शंभरदा ऐकली होती. काकू हसता हसता रडू लागल्या, प्रतापकाकांनी टोपीने नाक पुसलं.

"कट!" जीनाचा आवाज घोगरा झाला होता. ती टेबलापाशी आली आणि रिकोटावरचे चार चर बघत राहिली. "हे कोणी केलं?"

"माझ्या आईने. सॉरी, मी दुसरा..."

"खबरदार. जहाजावर हाच दिसायला हवा, असाच. तू स्वतः सांभाळून ठेव. आणि तुझा पासपोर्ट व्हॅलिड आहे ना?"

इला जागच्या जागी तीन उड्या मारून मोकळी झाली. पाहते तर आसावरी पुन्हा बोटं पुढे करून येत होती.

"आई, हात नाही लावायचा! त्याला आता रोल मिळालाय!"

"अगं, पण तू निघालीस ना?"

"आसावरी," एक काकू डबा उघडत म्हणाली, "दही मी आणलं होतं की. विचारायचंस तरी!"

इलाने एक हात रिकोटावर आडवा धरला आणि दुसरा पुढे केला.