काटा डोलला

गोदीतल्या क्रेनवर, दहा मजले उंच काचेच्या केबिनमध्ये दादाची पंधरा वर्षं गेली होती. महिन्यापूर्वी त्याच्या डोळ्यांत काहीतरी झगझगीत घुसलं, हात बिचकला आणि पेटी धक्क्यावर आपटली. लेसर होता, असं तो सांगत राहिला. उन्हाची तिरीप असणार, म्हणत मॅनेजरांनी त्याला घरी बसवलं. आज चौकशीच्या कागदावर त्यांची सही झाली, की नोकरी गेलीच.

धाकटी बहीण प्रयोगशाळेत भिंगं-आरसे जुळवायची. स्वतः बनवलेलं खोकं काखोटीला मारून ती भर दुपारी दादाबरोबर शिडी चढली. मागून मॅनेजर धापा टाकत आले. निदान संध्याकाळ तरी होऊ द्यायची, असं ते कुरकुरले.

"अपघात उन्हात झाला," ती म्हणाली. "तपासही उन्हातच होईल."

खोकं आलेल्या उजेडाचे दोन भाग करी, एकाला बोटभर लांबच्या वाटेनं फिरवून पुन्हा दुसऱ्यात मिसळी. वाटेतला एक आरसा नजरेला कळणार नाही इतका मागेपुढे हले. उन्हातल्या उजेडाच्या लाटा विस्कळीत. एवढ्या अंतरानं त्या एकमेकींना ओळखही देत नाहीत. लेसरच्या मात्र शिस्तीच्या. त्या कधी जुळून उजळतात, कधी एकमेकींना पुसतात, आणि खोक्यावरचा उजेड मोजणारा काटा डोलतो.

तिनं खोकं पाण्यावरच्या लखलखाटाकडे धरलं. काटा वर चढला आणि तिथंच थांबला.

"बंद पडलं वाटतं खेळणं," मॅनेजर हसले.

"ऊन आहे, म्हणून गप्प आहे."

एवढ्यात समोरची क्रेन रुळांवरून सरकत आली आणि काटा डोलू लागला. तिनं भिंगावर तळहात धरला, काटा थांबला. काढला, पुन्हा डोलला. समोरच्या क्रेनवर अंतर मोजणारा लेसर तिरका बसवलेला होता, थेट या खुर्चीवर रोखलेला. तो महिन्यापूर्वी मॅनेजरांनीच घाईघाईत बसवून घेतला होता.

मॅनेजरांचा आवाज एकदम मऊ झाला. कागदावर तिरीपच राहू द्यावी, दादानं उद्यापासून कामावर यावं, विषय संपला. तिनं दादाकडे पाहिलं. त्यानं डोळे चोळले.

"आणि माझ्या सुट्टीच्या दिवशी या खुर्चीत जो बसेल, त्याचं काय, साहेब?" तो म्हणाला. "लेसर लिहा. कुणी बसवला, तेही लिहा."

शिडीकडे जायला जमिनीत एकच झडप होती. बहिणीनं ती लावली आणि ऐसपैस मांडी ठोकून तिच्यावर बसली.

"सावकाश लिहा," ती म्हणाली. "आम्हाला घाई नाही."