अकरावं पान

सहा इंची, सात इंची की दहा इंची, हे दुकानातल्या जिन्सीनं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा अलेयम्मानं दुकानाच्या काचेवर हात पसरला आणि वीत घालून पुस्तकं वाचायची तिन्ही यंत्रं मोजली. पडदा म्हणे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात. हे तिला मुळीच पटलं नाही. कागद कधी कोणी तिरका मोजतं का? कोट्टयमच्या छापखान्यात बाइंडिंग खात्यात तिनं एकतीस वर्षं छापील कागदांचे फर्मे दुमडले होते. कागदाचं माप तिला नुसत्या बोटांना कळायचं.

"अम्मच्ची, आधी सांगा, वाचणार कोण?" जिन्सीनं विचारलं.

"आमचे अच्चायन. माझे यजमान."

"वय?"

"अठ्ठ्याहत्तर. तोंड मात्र अजून पंचविशीतलं आहे. समोर येईल त्याला फाडून खातं."

जिन्सी हसली. अलेयम्मालाही हसू आलं, पण ते फार टिकलं नाही.

तिचा नवरा कुरुविळा त्याच छापखान्यात मुद्रितशोधक होता. छत्तीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं धरल्या आणि घरी येऊनही तेच केलं. बायकोच्या कालवणातलं मीठ, पाद्रीबाबांचं व्याकरण, शेजाऱ्यांच्या लग्नपत्रिकेतलं नवऱ्या मुलाचं नाव, काही म्हणजे काही त्याच्या तावडीतून सुटायचं नाही. अशा माणसाचा उजवा डोळा दोन वर्षांपूर्वी गेला आणि आता डाव्यातही बरोबर मधोमध डाग पडला होता. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. इंजेक्शनं झाली. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाचायचं असेल ते आता वाचून घ्या. भिंग धरून पुस्तकावर वाकून वाकून त्याची मान आखडली होती. "वाचता येईनासं झालं की मला दारामागं उभा करून ठेव, केरसुणीशेजारी," तो हसत म्हणायचा. अलेयम्माला ती थट्टा वाटायची नाही, कारण त्याला ती चव्वेचाळीस वर्षं ओळखत होती. वाचण्यावाचून हा माणूस खरंच दारामागं जाऊन उभा राहिला असता.

जिन्सीनं सहा इंचीवर अक्षर मोठं करून दाखवलं. कुरुविळाला लागेल तेवढं मोठं केलं, तर मल्याळममधला एक लांबलचक शब्द तीन ओळींत तुटला. सात इंचीवर दीड शब्द मावला. दहा इंचीवर मात्र ओळीत चार-पाच शब्द सुखानं बसले.

"हाच," अलेयम्मा म्हणाली. "अर्धा शब्द एका ओळीत नि अर्धा दुसऱ्या ओळीत दिसला, तर ते पहिल्या दिवशीच फेकून देतील."

"पण दहा इंचीत दोन प्रकार आहेत." जिन्सीनं दोन यंत्रं शेजारीशेजारी ठेवली. एकाचा पडदा आतून उजळलेला, काळ्यावर पांढरी अक्षरं. दुसरा ई-इंकचा, राखाडी पांढरा, त्यावर काळी अक्षरं. "हा दुसरा अगदी कागदासारखा. डोळ्यांना त्रास नाही, बॅटरी आठवडेच्या आठवडे चालते. पण याला स्वतःचा उजेड नाही. बाहेरून पडेल तेवढाच. डोळे अधू असतील, तर माझं ऐका, आतून उजेडाचा घ्या."

अलेयम्मानं कागदासारख्या पडद्यावरून बोट फिरवलं. जरासा खरखरीत लागला. हात आपोआप त्याच्या कडेला गेला, दुमडायला. उजेडाच्या पडद्यांना कुरुविळा टीव्ही म्हणायचा, आणि टीव्ही बघणाऱ्यांना आणखी काय काय म्हणायचा. तिनं जन्मभर कागद हाताळला होता आणि त्यानं जन्मभर कागद वाचला होता.

"कागदाचा दे," ती म्हणाली.

यंत्र घरी आलं. जिन्सीनंच त्यात कुट्टनाडातल्या बदकं पाळणाऱ्यांवरची एक जाडजूड कादंबरी घालून दिली होती. कुरुविळा सकाळी ओसरीच्या कठड्याशी बसायचा, तिरकी मान करून डोळ्याच्या कडेनं एकेक ओळ पकडायचा. दिवसाला दोन-तीन पानं. पहिल्याच पानावर त्यानं आरोळी ठोकली, "कुठल्या गाढवानं तपासलंय हे! विरामचिन्हं काय याच्या बापानं द्यायची?" अलेयम्मा स्वयंपाकघरात टॅपिओका सोलत होती. तिनं क्रूसाची खूण केली. कित्येक महिन्यांनी घरात असं कुणीतरी जीव तोडून भांडत होतं. तिला फार बरं वाटलं.

चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवसापासून शिव्या थांबल्या. पुस्तकानं पकड घेतली असेल, असं तिला वाटलं. कारण आता नवीनच सुरू झालं. चारच्या बिनदुधाच्या कॉफीला तो तिला हाक मारून बसवायचा आणि आपण वाचलेलं सांगायचा. चव्वेचाळीस वर्षांत त्यानं तिला एका पुस्तकाची गोष्ट सांगितली नव्हती. शुद्ध आहे किंवा अशुद्ध आहे, एवढंच सांगायचा.

गोष्ट पैली नावाच्या बदकवाल्याची होती. पैलीची एकुलती एक मुलगी कुणाबरोबर तरी पळून जाते. पैली तिची चटई कालव्यात फेकतो. मग वर्षं जातात.

"जाताना तिनं बापाची कॉफी बशीनं झाकून ठेवली होती," कुरुविळा म्हणाला. "त्यानं ती ओतून दिली. आता तेवढंच आठवतं म्हणे त्याला. राग कशाचा होता तेच आठवत नाही."

अलेयम्मा कॉफीचा पेला हातात धरून तशीच बसली.

त्यांनाही एकच मुलगी होती, शेर्ली. एकोणीस वर्षांपूर्वी ती धर्माबाहेरच्या एका ट्रकवाल्याबरोबर कोइंबतूरला निघून गेली. त्याच दिवशी कुरुविळानं घरचं बायबल काढलं. पहिल्या पानावर घरातल्यांची नावं लिहिलेली होती, त्यात शेर्लीच्या नावावर लाल रेघ ओढली आणि रेघेच्या टोकाला, हा शब्द काढून टाका म्हणून छापखान्यात करतात ती खूण केली. त्यानंतर घरात ते नाव निघालं नाही. अलेयम्मा चोरून फोन करायची. मग तीन वर्षांपूर्वी एकदा जावयाचा फोन आला. शेर्लीचा ताप डोक्यात गेला होता. अलेयम्मा पोचली तेव्हा मुलगी बर्फाच्या पेटीत होती. नवऱ्याला ती सांगून गेली होती की चर्चच्या बायकांबरोबर ध्यानशिबिराला जाते. परत आली ती तोंडाला कुलूप लावून. जिचं नाव घ्यायची घरात चोरी, ती मेली हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि सांगितल्यावर त्यानं नुसती मान फिरवली असती तर? ते तिला सोसलं नसतं.

त्यामुळे पैलीची गोष्ट ऐकताना तिचा जीव अर्धा व्हायचा. पण ऐकल्याशिवाय राहवायचंही नाही. हा लेखक कोण कुठला, याला माझ्या घरातलं कसं कळलं, असं तिला वाटायचं.

एके दिवशी कुरुविळा म्हणाला, "पैली आता रोज बसथांब्यावर जाऊन बसतो. उतरणाऱ्या बायकांकडे बघत. काय वाटतं तुला, लेखकानं तिला परत आणावी?"

"मला काय कळतंय त्यातलं? पुढं वाचा की."

"तरी. तुला काय वाटतं?"

"बाप बोलावणार आहे का तिला?" अलेयम्मानं विचारलं.

"बोलवेल," तो म्हणाला. "पत्ता असता तर एव्हाना बोलावलंच असतं त्यानं. पत्ता तिच्या आईकडे असेल, असं वाटतं त्याला. पण आईला विचारायचं कसं, लाज वाटते."

दुसऱ्या दिवशी तो अंघोळीला गेला तेव्हा तिला धीर निघेना. ती मुलगी परत येते की नाही, ते स्वतःच बघू म्हणून तिनं यंत्र उचललं. हळूहळू, बोट ठेवून तिनं पान वाचलं. बदकं कालव्यात उतरत होती. खाली अकराचा आकडा होता. तिनं कडेला बोट टेकवलं, जिन्सीनं शिकवलं होतं तसं. पान हललं नाही. पुन्हा टेकवलं. बदकं तिथंच.

मासे आणायच्या निमित्तानं ती दुकानात गेली. नवऱ्याला म्हणाली, चार्जिंगला लावलंय.

"अडकलंय हे, अम्मच्ची," जिन्सी म्हणाली. "मग बॅटरीही उतरली. या पडद्याचं असंच असतं. जीव गेला तरी अक्षरं जागची हलत नाहीत. बघणाऱ्याला वाटतं चालू आहे." तिनं तार जोडली, थोडा वेळ काहीबाही केलं. "शेवटचं पान उलटलंय ते नऊ तारखेला."

त्या दिवशी एकवीस तारीख होती.

"यात पैली म्हणून कुणी आहे का गं? मुलगी पळून गेलेला?"

"मी वाचलंय ना हे. पैलीबिली कुणी नाही. म्हातारा आहे एक, पण तो बिनलग्नाचा. त्याला मुलगी कुठून येणार?" जिन्सीला ते विनोदी वाटलं. मग अलेयम्माचा चेहरा बघून ती घाईनं म्हणाली, "एका मिनिटात सुरू करून देते, थांबा."

"नको. अडकलंय तसंच दे."

बसमध्ये मांडीवर पिशवी घेऊन ती बसली आणि तिला सगळं नीट कळलं. बारा दिवस तो माणूस मेलेल्या पडद्यावर मान तिरकी करून बसत होता. त्याचा डावा डोळाही गेला होता, आणि बायकोनं एवढं विती घालून निवडून आणलं म्हणून तो बोलला नव्हता. जिन्सी सांगत होती तसं उजेडाचं घेतलं असतं, तर कदाचित आणखी काही दिवस मिळाले असते. आपल्याच कागदवेड्या बोटांचा तिला संताप आला. पण त्याहून वाईट ते दुसरंच होतं. बसथांब्यावर बसलेला पैली तिच्या घरातच होता. तो तिच्याकडे पत्ता मागत होता, आणि तिच्यापाशी पत्ता नव्हता.

चार वाजता तिनं कॉफी केली. कुरुविळा ओसरीवर बसला होता. तिनं यंत्र त्याच्या हातात दिलं नाही, स्वतःच्या मांडीवर घेतलं.

"आज मी वाचते," ती म्हणाली.

"तू? मुंगीच्या चालीनं वाचतेस तू. संध्याकाळ होईल."

"होऊ दे."

ती वाचू लागली. "पैलीला माहीत नव्हतं," तिनं म्हटलं, "की त्याची मुलगी कोइंबतूरला होती. दोन खोल्यांचं घर होतं, पुढं शेवग्याचं झाड. नवरा चांगला होता. पैलीच्या बायकोला पत्ता माहीत होता. ती चोरून फोन करायची."

कुरुविळानं ओठांशी नेलेला पेला खाली घेतला.

"कितवं पान आहे हे?" त्यानं हळूच विचारलं.

"अकरावं."

अकरावं पान त्यानं स्वतः वाचलेलं होतं. त्याला दिसलेलं ते शेवटचं पान. त्यावर काय आहे, काय नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्यानं कान तिच्याकडे केला. मग म्हणाला, "पुढं?"

"तीन वर्षांपूर्वी मुलीला ताप आला. डोक्यात गेला. चार दिवसांत..." अलेयम्मा थांबली, पुन्हा म्हणाली, "चार दिवसांत संपली. आई गेली तेव्हा ती बर्फाच्या पेटीत होती. आईनं काचेवरूनच हात फिरवला. घरी येऊन बापाला सांगितलं नाही. तिला वाटलं, बाप मान फिरवेल. तिला माहीत नव्हतं तो बसथांब्यावर बसतो ते. माहीत असतं तर सांगितलं असतं. देवाशपथ सांगितलं असतं, अच्चाया."

खाली रस्त्यावरून एक बस गेली. कुरुविळानं पेला कठड्यावर ठेवायला हात लांब केला, कठडा त्याला सापडला नाही, म्हणून त्यानं पेला तसाच हातात धरला.

"तिनं बापाची आठवण काढली का, जाताना?"

अलेयम्माला माहीत नव्हतं. जावयाला विचारायचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि पुढं विचारायचा धीर झाला नाही. तिनं पडद्यावर बघितलं. बदकं कालव्यात उतरत होती.

"काढली," ती म्हणाली. "लिहिलंय इथं. दोनदा हाक मारली. अप्पच्चन, अप्पच्चन म्हणून, अगदी लहानपणी मारायची तशी..."

"अगं," तो मध्येच म्हणाला. एवढ्या मऊ आवाजात तो तिच्याशी आजवर बोलला नव्हता. "मूळ प्रतीत नाही ते घालायचं नसतं."

अलेयम्मानं यंत्र मांडीवर पालथं घातलं. कुरुविळा रडत होता. त्याला दिसणार नव्हतं, म्हणून तिनंही आपले डोळे पुसले नाहीत.