आधार कार्डावरचं वय

गणपतराव बाकावरून तिसऱ्यांदा उठले. सकाळपासून जिवाला चैन नव्हती. हातकणंगल्याहून कोल्हापूरला त्यांना घेऊन आलेला थोरला लेक अमरसिंह आता डॉक्टरांच्या खोलीत एकटाच जाऊन बसला होता. यकृतात गाठ आहे, ती कॅन्सरची आहे, हे गणपतरावांना ठाऊक होतं. ती कापायची की नाही, हे मात्र आत दुसरेच ठरवत होते.

त्यांनी दार ढकललंच.

"अठ्ठ्याहत्तरीच्या माणसाला कशाला फाडायचं?" अमरसिंह म्हणत होता. "गोळ्यांवर निघंल तेवढं निघू दे की."

"अठ्ठ्याहत्तर कुणाचं रं?"

"आबा, तुमी भायेर बसा."

"बसून बसून कंबर धरली. बाई, मला एकाहत्तर हाय."

डॉक्टर वल्लरींनी फाईल पुढं केली. "आधार कार्डावर तर..."

गणपतराव ओशाळले. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली, तेव्हा गल्लीतल्या चौघांनी मिळून कार्डावर वयं वाढवून घेतली होती. गडहिंग्लजच्या लेकीकडं जाताना ते कंडक्टरपुढं मुद्दाम खोकायचेही.

"झालं! आता डॉक्टरांकडं बी फुकट तिकीट मागा," अमरसिंह चिडला.

वल्लरी हसल्या नाहीत. "मी नुसता आकडा बघून नकार देत नाही. काल पस्तिशीच्या मुलाला नाही म्हणाले. त्याचं यकृत इतकं खराब, की कापल्यावर उरलेलं पुरलं नसतं. तुमची गाठ एकच, लहान. बाकी यकृत चांगलं आहे. तरुणापेक्षा धोका जास्त, सावरायलाही वेळ लागेल. आधी हृदय तपासू."

"कापली तर बरा हुईन?"

"होऊ शकता. खात्री देत नाही."

अमरसिंह खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. "आयचं आपरेशन मीच करा म्हनलेलं. परत आली न्हाय."

गणपतरावांनी लेकाचा दंड धरला.

"तवा तिला कुनी इचारलं न्हवतं. मला तरी इचार."

अमरसिंह खिडकीकडून वळला.

"आबा, कापायची?"

"व्हय," गणपतराव म्हणाले आणि दाराकडं निघालेही. "बाई, ते हृदयाचं कंच्या मजल्यावर हाय?"