लिफ्ट बंद पडण्याची कारणे

दोन महिन्यांत आमच्या इमारतीची लिफ्ट अकरा वेळा बंद पडली आणि प्रत्येकाकडे त्याची थिअरी होती. सेक्रेटरींची थिअरी, लोक जाड झालेत. तळमजल्यावरच्या शिंप्याची, कंपनीच बोगस. मी नववीला विज्ञान शिकवतो, त्यामुळे माझी जरा भारदस्त होती: व्होल्टेज.

"थिअरी म्हणू नका हो," एकदा जिन्यात धापा टाकत मी सेक्रेटरींना म्हणालो. "हे गृहीतक. म्हणजे तपासता येईल असा अंदाज. असे पुष्कळ अंदाज ठिकठिकाणी तपासून टिकले, आणि एकाच सूत्रातून सगळ्यांचा उलगडा व्हायला लागला, की त्याला सिद्धान्त म्हणायचं. दोन्ही कारणच सांगतात, दोन्ही उद्या खोटी ठरू शकतात. पण..."

"सर, तुमचा मजला कितवा?"

"पाचवा."

"मग श्वास जपा."

बावीस वर्षं हेच शिकवतोय. पोरं पेपरात लिहितात, 'गृहीतक मोठे झाले की सिद्धान्त होतो.' मी अर्धा गुण देतो. पूर्वी शून्य द्यायचो.

आईला या कशातच रस नव्हता. तिला मावशीकडे जायचं होतं. मावशी अंथरुणाला खिळली होती आणि डॉक्टर आता नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलायला लागले होते. आईच्या गुडघ्यांना चढणं कसंबसं जमे, उतरणं मुळीच नाही. आणि लिफ्टची तिने धास्ती घेतली होती, कारण पहिल्याच वेळी ती दोन मजल्यांच्या मध्ये पाऊण तास अडकली होती. तेव्हापासून दाराशी खुर्ची टाकून बसायची आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काहीबाही लिहायची. मला वाटलं, किराणा.

एका रविवारी तिने ते पान माझ्यापुढे सरकवलं.

"अकरापैकी नऊ वेळा, जिन्याची लादी धुतल्यावर अर्ध्या तासात. पाणी लिफ्टच्या दारातून खाली गळतं. मला इथून दिसतं."

"आणि उरलेल्या दोन वेळा?"

"एकदा मीच आत अडकले होते, एकदा डोळा लागला होता माझा."

आठ दिवस लादी नुसती झाडून घ्यायची, मग मुद्दाम धुवायची असं ठरलं. आठ दिवस लिफ्ट मुकाट चालली. नवव्या दिवशी बादली ओतली आणि तेविसाव्या मिनिटाला लिफ्ट चौथ्याच्या वर अडकली. आत सेक्रेटरी होते. प्रयोगात ते धरलेले नव्हते, पण मी नोंद केली.

मेकॅनिकने खालचा भिजलेला स्विच बदलून त्यावर झाकण बसवलं. सेक्रेटरींनी नोटीस लावली, 'कारण शोधण्यात आले आहे.' कोणी शोधलं, ते लिहायला जागा उरली नसावी.

"तू व्होल्टेज कधी मोजलं होतंस रे?" आईने विचारलं.

मी चपला शोधायला लागलो.

पुढचे दहा दिवस लादी रोज धुतली, लिफ्ट एकदाही अडली नाही. मग आई माझा दंड घट्ट धरून आत शिरली. खाली पोचेपर्यंत डोळे मिटलेले.

"झाला का आता सिद्धान्त?"

"नाही गं. एका लिफ्टचं कळलंय फक्त."

मावशी तिसऱ्या मजल्यावर राहते. तिथल्या लिफ्टच्या दाराला सुतळी बांधून पुठ्ठा लटकवला होता: बंद आहे.

आईने वॉचमनला गाठलं. "लादी कधी धुतली होती?"

"लादी? महिना झाला, आजी. बाईच येत नाही."

आईने माझ्याकडे बघितलं. "म्हणजे माझं चुकलं?"

"आपल्या लिफ्टपुरतं बरोबर आहे. इथलं कारण वेगळं."

"मला वाटतं आजी, उंदरांनी वायर..." वॉचमन सुरू झाला.

"बघितलीस का कुरतडलेली?"

तो खुर्चीवरून उठून पुठ्ठ्याची सुतळी आवळायला लागला.

"मग ती खुर्ची तेवढी दे, बाबा."

"अगं, चढशील, पण उतरणार कशी?" मी म्हणालो.

"ते मग बघू. आधी धाकटीला बघू दे."

प्रत्येक वळणावर मी खुर्ची मांडायचो, आई बसायची, उठली की खुर्ची माझ्या डोक्यावर. शेवटच्या वळणावर वरचं दार किलकिलं झालं आणि आतून बारीक आवाज आला, "ताई आली का गं?"

उरलेल्या अकरा पायऱ्या आई न थांबता चढली. खुर्चीवर मी बसलो.